‘देव कुठं हाय?’ : घारापुरीचं लेणं नीट बघायचं तर

साताऱ्याकडची माझी मावशी पहिल्यांदा घारापुरीला, म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटावर आली तेव्हा मी तिला थेट त्रिमूर्तीसमोर नेऊन उभं केलं. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं, हात जोडले आणि दोन मिनिटांनी कानाशी येऊन विचारलं, ‘‘चित्रं लय भारी हायती गं. पन देव कुठं हाय?’’

मला हसू आलं, आणि मग ते तोंडावरच विरलं. गाभारा आम्ही उजव्या हाताला टाकून पुढे आलो होतो. चार दिशांना चार दारं, दारागणिक दोन द्वारपाल, आत शिवलिंग. याआधी तीनदा येऊनही मी त्याला नुसता वळसा घालून गेले होते. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. लाँच, पायऱ्या, धापा टाकत उत्तरेच्या दारातून आत, नाकासमोर त्रिमूर्ती, तिच्यापुढे फोटो, आणि ‘बाकी सगळं फुटकंच आहे’ म्हणत भुट्टा खात परत. लेणं मात्र कोरलंय त्या लिंगासाठी. ते समजून फिरलं की तोच दगड वेगळा दिसायला लागतो. म्हणून घरातून निघण्यापासून परत येईपर्यंतचं सगळं क्रमाने सांगते.

वार आणि वेळ

सोमवारी लेणी बंद असतात. सोमवारी गेटवेवर गेलात तर बंदरात चक्कर मारून आणणारी बोट मिळेल, घारापुरी मिळणार नाही. रविवार आणि सुट्टीचे दिवस शक्यतो टाळा. लेण्यात आवाज घुमतो. शाळेची एक सहल आत असली तरी तासभर काही सुचत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. एप्रिल-मेमध्ये लेण्याच्या आत गारवा असतो, पण तिथवर पोचेपर्यंत अंगाची काहिली होते. पावसाळ्यात बेट हिरवंगार होतं, कातळावरून पाणी ओघळतं, मला स्वतःला तेव्हाचंच लेणं आवडतं. फक्त समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे बाहेरगावाहून येणाऱ्याने जुलैचा बेत आखू नये. महाशिवरात्रीला उरण-पनवेलकडून भाविक येतात, त्या दिवशी हे खरोखरचं देऊळ असतं. शिल्पं बघायला मात्र तो दिवस नाही.

पहिली लाँच साधारण नऊला सुटते. तीच पकडा. पूर्वेकडून आत येणारा सकाळचा उजेड मिळतो आणि अर्धा-पाऊण तास तरी लेणं जवळजवळ तुमच्या एकट्याचं असतं. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास असते. पर्यटकांना बेटावर रात्री राहू देत नाहीत, म्हणून ती वेळ उतरल्या-उतरल्या धक्क्यावर विचारून घ्या.

काय घ्यायचं

पाणी, टोपी, घसरणार नाहीत अशा चपला किंवा बूट, थोडे सुटे पैसे. एक छोटी टॉर्चही घ्या; मोबाईलचा उजेड चालतो, पण तो पसरट पडतो. दगडावर बाजूने, तिरका उजेड टाकला की झिजलेला चेहराही उठून येतो. समोरून टाकला तर सगळं सपाट होतं. फ्लॅशने काढलेले फोटो रडके येतात ते यामुळेच.

खाण्याच्या पिशव्या घेऊ नका. कारण पुढे कळेलच.

गेटवेवर

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून टॅक्सी करा. पायी यायला वीस ते तीस मिनिटं. गेटवेच्या आवारात शिरताना बॅगा तपासतात, रांग असते. आत गेल्यावर ‘एलिफंटा, एलिफंटा’ म्हणत लोक मागे लागतील. तिकीट खिडकीवरूनच घ्या. ते जाऊन-येऊन असतं आणि परतताना दाखवावं लागतं, तेव्हा खिशात चुरगळू नका. लाँचच्या वरच्या मजल्यावर बसायचं तर खलाशी चढल्यावर थोडे जास्त पैसे घेतो. हिवाळ्यात द्यावेत. उन्हाळ्यात खालीच बसावं.

चढण्याची एक युक्ती आहे. धक्क्याला एकीला लागून एक अशा दोन-तीन लाँच उभ्या असतात आणि तुम्हाला एकीवरून दुसरीवर पाय टाकत जायचं असतं. मोबाईल आत, पिशवी पाठीवर, दोन्ही हात मोकळे. लाट आली की दोन्ही कडा वर येतात, त्या एका पातळीवर आल्या की पाऊल टाकायचं. खलाशी हात पुढे करतो, त्याचा तळवा न धरता मनगट धरा. म्हाताऱ्या माणसांना घाई करणाऱ्या मागच्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

लाइफ जॅकेट घालाच. १८ डिसेंबर २०२४ला नौदलाची एक स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि त्यात माणसं गेली. त्याआधी आम्ही सगळेच ती नारिंगी जॅकेटं उशीसारखी पाठीशी घेऊन बसायचो. मागितल्याशिवाय मिळालं नाही तर मागा, बंद लावा, आणि लहान मुलाला त्याच्या मापाचं आहे का ते बघा.

तासाभराचा समुद्र

अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ सुमारे एक तास. मागे ताज आणि गेटवे लहान होत जातात, वाटेत नौदलाच्या बोटी, तेलाच्या टाक्यांचं बुचर बेट, समोर न्हावा-शेवा बंदरातल्या जिराफासारख्या क्रेन. हवा स्वच्छ असेल तर डाव्या हाताला लांबवर अटल सेतूची रेघ दिसते. हिवाळ्यात सीगल पक्षी लाँचच्या मागे लागतात आणि लोक त्यांना कुरकुरे-गाठ्या घालतात. नका घालू. ते त्यांचं खाणं नाही, आणि तुमच्या मागच्या बाकावरच्याच्या शर्टावर त्याचा निकाल लागतो.

बेट जवळ येताना दोन टेकड्या दिसतील. आपण जाणार ते लेणं पश्चिमेच्या टेकडीवर. ओहोटी असेल तर किनाऱ्याला तिवरांच्या मुळांपर्यंत नुसता चिखल दिसतो. पाणी इतकं उथळ आहे म्हणूनच धक्का एवढा लांब समुद्रात काढलाय.

धक्क्यापासून लेण्यापर्यंत

धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे धावते, तिकीट किरकोळ. चालायला पंधरा मिनिटं लागतात. सकाळची वेळ असेल तर चालाच, गुडघे दुखत असतील तर गाडीत बसा आणि गुडघे पायऱ्यांसाठी राखून ठेवा. पुढे ग्रामपंचायतीचा कर भरायचा असतो. पाच-दहा रुपयांसाठी तिथे वाद घालणारी माणसं मी बघितली आहेत. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं आहेत, ती उरण तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतात. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना या गावांत कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर, मग काळोख. ते पाच-दहा रुपये द्या.

पायऱ्या सव्वाशेच्या आसपास आहेत. उंच नाहीत, पण दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री, त्यामुळे वारा लागत नाही. दगडाचे हत्ती, माळा, टोप्या, गेटवेच्या प्रतिकृती. खरेदी करायचीच असेल तर उतरताना करा. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते, दर आधी ठरवून घ्या आणि तो जाऊन-येऊन आहे का एकेरी, हे दोनदा विचारा. मावशी डोलीत बसायला तयार नव्हती. ‘‘देवाला मानसांच्या खांद्यावर बसून जायाचं?’’ दर पंचवीस पायऱ्यांना ती एकेका दुकानाच्या बाकड्यावर टेकली, प्रत्येक दुकानदारणीशी बोलली, आणि वर पोचेपर्यंत तिला बेटावरच्या पाण्याची टंचाई माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

आता माकडं. त्यांना पिशवीचा खुळखुळाट कळतो आणि रंगीत सरबताची बाटली तर लांबून ओळखता येते. माझ्यासमोर एका माकडाने एका मुलीच्या हातातली आंब्याच्या सरबताची बाटली काढून घेतली, झाकण दातांनी फिरवून उघडलं, आणि रिकामी बाटली शांतपणे खाली टाकली. दात दाखवत अंगावर आलं तर वस्तू सोडून द्या. ओढाताण करू नका, चावा घेतला तर इंजेक्शनांसाठी मुंबई गाठावी लागते. खाणं बॅगेत, बॅगेची चेन बंद, पाण्याची बाटलीही आत. बोरं-करवंदांचा वाटा घेतलात तर विकणाऱ्या बाईसमोर उभं राहूनच संपवा, तिच्या हातातल्या काठीला ती मंडळी घाबरून असतात.

वर पुरातत्त्व खात्याची तिकीट खिडकी आहे. भारतीयांना ४० रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या.

आत शिरण्याआधी दोन मिनिटं

लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं मानलं जातं. कोरवलं कोणी, यावर अभ्यासक अजून भांडतात. इथे शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो दगड काढून आपल्या राजाकडे पाठवला, तिकडे कोणाला वाचता आला नाही आणि तो हरवला, असं त्यांच्याच इतिहासकाराने लिहून ठेवलंय. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली, म्हणून बऱ्याच जणांचं बोट कलचुरींकडे जातं. दुसऱ्या बाजूला, इसवी सन ६३४च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य दुसऱ्या पुलकेशीने कोकणच्या मौर्यांची ‘पुरी’ जिंकल्याचा उल्लेख आहे, ती पुरी म्हणजे हीच असं मानणारेही आहेत. बाहेरचा गाईड तुम्हाला यातलं एकच उत्तर छातीठोकपणे देईल. गाईड घ्यायचा तर पुरातत्त्व खात्याचं किंवा पर्यटन विभागाचं ओळखपत्र बघून घ्या.

पायात बूट असले तरी लेण्यात जाता येतं. गाभाऱ्यात शिरताना मात्र ते काढा. तिथे पुजारी नाही, कोणी हटकणार नाही, तरीही.

आणि दारात लगेच पुढे जाऊ नका. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आत नुसता काळोख दिसतो. पहिल्या खांबाला पाठ न टेकवता, त्याच्या शेजारी दोन मिनिटं उभं राहा. हळूहळू खांबांच्या रांगा वर येतात, त्यांच्या माथ्यावरच्या दाबलेल्या उशीसारख्या गाद्या दिसायला लागतात. एक गंमत ध्यानात ठेवा. इथे काहीही बांधलेलं नाही, छताला आधाराची गरज असली तरी तुळयांची नाही. पण शिल्पकारांनी छतात तुळया कोरल्या आहेत. लाकडी देवळाची सवय हाताला होती ती दगडातही उतरली. काही खांब मात्र पडले होते आणि नंतर नव्याने उभे केलेत, त्यांच्या गुळगुळीतपणावरून ते सहज ओळखू येतात.

भिंत डाव्या हाताला ठेवून

आता मुख्य काम. उत्तरेच्या दारातून सरळ चालत जाऊ नका. डावीकडे वळा आणि भिंत डाव्या हाताला ठेवून चाला, म्हणजे गाभारा आपोआप उजव्या हाताला राहतो. प्रदक्षिणेचीच रीत ही. नऊ मोठी शिल्पं लागतात आणि त्रिमूर्ती पाचवी येते, बरोबर मधोमध. तोपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. मुलं सोबत असली तर त्यांना ही पैज लावून द्या, मोठ्यांपेक्षा ती चांगली पाळतात.

पहिला योगीश्वर. पद्मासनात बसलेला शिव, कमळाचा देठ खालून नागांनी धरलेला. हात दोन्ही तुटलेत. पहिल्यांदा येणाऱ्याला बुद्धमूर्तीच वाटते आणि त्यात चूक काही नाही, ध्यानस्थ माणूस कसा दाखवायचा हे त्या काळी सगळ्यांनी एकमेकांकडून शिकलेलं आहे.

पुढे पूर्वेचं टोक, तिथे समोरासमोर दोन शिल्पं. एकात शंकर-पार्वती कैलासावर बसलीत. सारीपाटात शंकराने लबाडी केली म्हणून पार्वती रुसून तोंड फिरवून बसली आहे, असं सांगतात. दुसऱ्यात रावण तोच कैलास खालून उचलतोय. हे शिल्प सगळ्यात जास्त मोडलंय, रावणाचा नुसता धडाचा आकार राहिलाय. वेरूळच्या कैलासात हाच प्रसंग धडधाकट आहे. तो बघितलेला असेल तर इथलं तुटलेलं मनात पुरं करता येतं.

इथे थांबा आणि पूर्वेच्या अंगणात बाहेर या. अंगणात एक गोल ओटा आहे, तिथे नंदी असावा असं मानतात. त्या ओट्याशी उभं राहून मागे वळून लेण्याकडे बघा. खांबांच्या दोन रांगांमधून थेट समोर गाभाऱ्याचं दार आणि आतलं लिंग दिसतं. एकदम कळतं की देवळाचं तोंड हे आहे, आपण शिरलो ते बाजूचं दार. मावशीला मी इथे आणलं तेव्हा ती ओट्याच्या कडेला बसली, पदराने घाम पुसला आणि म्हणाली, ‘‘आता कसं, समोर आला.’’ याच अंगणाच्या कडेला पायऱ्यांवर सिंह असलेलं एक छोटं लेणं आहे, त्यात मातृकांचा पट्ट आणि गणपती आहे. पाच मिनिटं द्या. गर्दी इथवर येतच नाही.

परत आत, आणि दक्षिणेच्या भिंतीकडे.

चौथा अर्धनारीश्वर. नंदीवर एक हात टेकून उभा. आपल्या उजव्या हाताला येते ती पार्वतीची बाजू: कमरेचा बाक, हातात आरसा. आपल्या डाव्या हाताची बाजू शंकराची, सरळ आणि रुंद. आधी एक हात डोळ्यासमोर धरून अर्धंच शिल्प बघा, मग दुसरं अर्धं. दोन वेगळी माणसं दिसतात. हात काढला की एकच देह होतो, आणि मधली सांधारेघ कुठे आहे ते शोधूनही सापडत नाही. भोवती ब्रह्मा, गरुडावरचा विष्णू, ऐरावतावरचा इंद्र अशी सगळी दाटी आहे. ती वाचायला टॉर्च काढा.

आता पाचवा. ज्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो तो ब्रह्मा-विष्णू-महेश नाही. हा सदाशिव, एकट्या शिवाचीच तोंडं. सुमारे वीस फूट उंच आणि हे नुसतं छातीपर्यंतचंच. पाच मुखांपैकी तीन दिसतात, चौथं मागे कातळात आहे असं समजायचं आणि पाचवं वर, न कोरलेलं. मधला तत्पुरुष, डोळे मिटल्यासारखे, डाव्या हातात महाळुंगाचं फळ. आपल्या डाव्या हाताला अघोर: मिशी, कपाळावर आठी, जटांत कवटी, हातात साप. आपल्या उजव्या हाताला वामदेव, त्यालाच उमेचं मुख म्हणतात: कुरळ्या बटा, भरलेले ओठ, हातात कमळ.

आता जवळ जाऊ नका. कठड्यापाशी गर्दी असते आणि तिथून नुसत्या हनुवट्या दिसतात. पंधरा-वीस पावलं मागे या, खांबाच्या आडून आधी एकट्या अघोराकडे बघा, मग सावकाश सरकत वामदेवाकडे. मधला चेहरा या दोघांपैकी कोणाचीही बाजू घेत नाही. सकाळी पूर्वेच्या अंगणातला उजेड अघोराच्या अंगाला जास्त असतो, दुपार उलटली की पश्चिमेकडून वामदेव उजळतो. मी एकदा याच एका गोष्टीसाठी सकाळी आणि मग तीन वाजता पुन्हा आत गेले. मधल्या वेळात बाहेर झाडाखाली बसून डबा खाल्ला, माकडांवर एक डोळा ठेवून. इथे किमान पंधरा मिनिटं बसा. खाली बसलेलं चालतं, दगड थंड असतो.

सहावा गंगाधर. शंकराच्या डोक्यावर तीन डोक्यांची एक बाई दिसेल, ती गंगा. शेजारी पार्वती आहे आणि तिचं अंग किंचित बाहेर, शंकरापासून दूर झुकलेलं आहे. नवऱ्याच्या डोक्यावर दुसरी कोणी उतरत असताना शेजारी उभ्या राहिलेल्या बाईचं ते उभं राहणं आहे. पायाशी भगीरथ आहे. त्याला या घरगुती प्रकरणाशी देणंघेणं नाही, त्याला पाणी हवंय.

सातवं शिव-पार्वतीचं लग्न, पश्चिमेच्या दाराशी. मला इथलं सगळ्यात आवडतं ते हेच, आणि मराठी लग्नं बघितलेल्या माणसाला ते गाईडशिवाय कळतं. अर्धनारीश्वरात पार्वती शंकराचा डावा भाग, गंगाधरातही ती त्याच्या डाव्या अंगाला. इथे मात्र ती त्याच्या उजवीकडे उभी आहे. लग्न लागेपर्यंत नवरी उजवीकडे, मग ती वामांगी होते, ते दगडात बरोबर पाळलंय. मान खाली, बाप मागून हलकेच पुढे करतोय. ब्रह्मदेव भटजी होऊन खाली बसलाय. चंद्र घागर घेऊन आलाय. शंकराचे पाय तुटलेत, पार्वतीचा हात तुटलाय, पण तिच्या मानेचा तो कल शाबूत आहे आणि तेवढ्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो.

त्याच्या समोरच आठवं, अंधकासुराचा वध. लग्नातल्या त्याच नवरदेवाचा हा अवतार: सुळे बाहेर, डोळे वटारलेले, मागे हत्तीचं कातडं ताणलेलं. कमरेखालचा भाग गेलाय. ही दोन शिल्पं समोरासमोर का ठेवली असतील, हे मुलांना विचारून बघा. मला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर एका दहा वर्षांच्या मुलाचं होतं: ‘‘बाबा पण घरी असेच असतात.’’ त्याचे बाबा शेजारीच उभे होते.

नववा नटराज, पुन्हा उत्तरेच्या दाराशी. हात बहुतेक तुटलेत, तरी कंबर वळलेली आहे आणि वळलेलीच राहते. योगीश्वर आणि हा, दाराच्या दोन अंगांना: एक हलत नाही, एक थांबत नाही. फेरी सुरू झाली तिथेच संपली.

गाभारा

आता चपला काढा आणि गाभाऱ्याकडे या. चौकोनी खोली, चारही बाजूंना पायऱ्या आणि दारं. दारांवरचे आठ द्वारपाल प्रत्येकी पंधरा फुटांच्या आसपास. बऱ्याच जणांचे पाय नाहीत, तरी एकेकाची उभं राहायची तऱ्हा वेगळी आहे. आत काहीच नक्षी नाही. नऊ शिल्पांत इतकी गर्दी बघून आल्यावर ही कोरी भिंत आणि मधलं साधं लिंग अंगावर येतं. बाहेर शंकर नाचतो, रुसवे काढतो, लग्न करतो, मारतो. आत त्याला चेहराही नाही. आत उभं राहून चारही दारांतून बाहेर बघा. मावशीने दोन्ही हात लिंगाला टेकवले, ओंजळीत पाणी नव्हतं म्हणून बाटलीतलं चार थेंब वाहू लागली. मी अडवलं, संरक्षित वास्तू आहे, पाणी-हळद-कुंकू दगडाला चालत नाही. ती थांबली, आणि नुसती बसून राहिली. इतर कशापेक्षा तिथे तिचा जास्त वेळ गेला.

फोडलं कोणी?

हा प्रश्न हमखास निघतो. पोर्तुगीज शिपायांनी इथे नेमबाजी केली, असं सर्रास सांगतात. त्यांच्या ताब्यात बेट होतं आणि नासधूस झाली हे खरं. पण पाणीही मुरत आलंय, पायाकडचे भाग ओल आणि झीज यांनी आधी जातात, आणि शतकानुशतकं हौशी हातांनी तुकडे नेलेच आहेत. खालचा भाग जास्त मोडलेला आणि वरचा शाबूत, हे बहुतेक शिल्पांत तुम्हालाच दिसेल. तुकडा नेणाऱ्यांचे वंशज आज खांबावर किल्लीने नाव कोरतात. दिसला तर रखवालदाराला सांगा.

वेळ उरला तर

मुख्य लेण्यापुढे त्याच वाटेने बाकीची लेणी लागतात, अर्धवट सोडलेली आणि साधी. वीस मिनिटांत होतात. टेकडीच्या माथ्यावर ब्रिटिशांच्या दोन थोरल्या तोफा आहेत. वर जायची वाट उन्हात तापते, पण वरून बंदराचा पसारा दिसतो. दुसऱ्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, म्हणजे शिवाच्या आधीही बेटावर कोणी होतंच. मी सांगेन, तोफा सोडा आणि तो अर्धा तास पुन्हा लेण्यात घाला. मुलं सोबत असतील तर तोफा चुकणार नाहीत, हेही माहीत आहे.

जेवायला वरती पर्यटन विभागाचं उपाहारगृह आहे आणि पायऱ्यांच्या वाटेवर गावकऱ्यांच्या खानावळी. सुरमई-पापलेट तव्यावर पडण्याआधी भाव विचारा. प्लास्टिकचा सगळा कचरा बॅगेत भरून मुंबईला परत आणा, बेटावर टाकलेलं बेटावरच राहतं.

परतताना

चारच्या पुढे धक्क्यावर रांग वाढायला लागते, तेव्हा साडेतीनची लाँच बरी. तिकिटाचा अर्धा भाग हातात ठेवा.

एक गोष्ट बेटावर दिसणार नाही: हत्ती. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी या बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिलं तो अखंड दगडाचा हत्ती राजबंदरच्या बाजूला उभा होता. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुन्हा जोडून आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. जोड नीट बघितले तर दिसतात. त्याच दिवशी जायचा हट्ट धरू नका, पाय बोलत असतात. दुसरा एखादा दिवस ठेवा, फक्त तो बुधवार नको. सोमवारी लेणं बंद असतं, बुधवारी हत्ती.